वाकविलेल्या नळीची मध्यरेषा

छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) क्रांती चौकातून रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर उस्मानपुऱ्याची वस्ती लागते, आणि या वस्तीत शासकीय तंत्रनिकेतन व १९६० साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय या दोन्ही संस्था असल्यामुळे, मराठवाड्याच्या गावोगावांहून आलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी वस्तूचा आकार कागदावर उतरविण्याची विद्या येथेच हस्तगत केली. त्या विद्येतील वाकविलेल्या नळीच्या आरेखनाचे प्रकरण वरकरणी किरकोळ वाटते. परंतु या शहराच्या पूर्वेतिहासाशी आणि आजच्या उपजीविकेशी त्याचा इतका निकट संबंध आहे की, त्याची हकीकत स्वतंत्रपणे लिहिली जावी असे मला फार दिवस वाटत आले आहे.

नळाचा हिशेब या शहराला नवा नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी, म्हणजेच हे शहर, वसविली आणि पुढे उत्तरेकडील डोंगरातले पाणी भूमिगत मार्गाने गावात खेळविण्याची जी तजवीज केली ती नहर-ए-अंबरी; बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील, १७४४ साली पूर्णत्वास गेलेली पाणचक्की त्याच परंपरेतली. हे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून वाहत आले. भाजलेली माती वाकत नाही. तेव्हा दिशा पालटावयाची ती सांध्यासांध्यांत थोडी थोडी, नाही तर बांधीव कुंडीत. मार्ग आणि उतार आधी निश्चित व्हावा आणि नळाचे तुकडे मागाहून त्या मार्गावर मांडले जावेत, हा क्रम अशा कामात अपरिहार्य असतो, आणि पुढील सर्व इतिहासाचे बीज मला या क्रमातच दिसते.

धातूची नळी आली तेव्हा वळण सांध्यातून निघून नळीच्या अंगात शिरले. जर्मनीत मानेसमान बंधूंनी १८८५ च्या सुमारास बिनजोड पोलादी नळी घडविण्याची रीत शोधली. सायकलीने ती घरोघर नेली. आणि सायकलीचे हँडल पाहूनच मार्सेल ब्रॉयर याला १९२५ साली वाकविलेल्या पोलादी नळ्यांची खुर्ची सुचली. आमच्या शहराकडे ही नळी दुचाकीच्या रूपाने आली: ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या शहरालगतच्या वाळूज येथील कारखान्याचे उद्घाटन झाले आणि दुचाकीच्या सांगाड्याची, हँडलची, सायलेन्सरची नळी हा या परिसरातील असंख्य हातांच्या रोजगाराचा विषय झाला. नळीत कोरडी वाळू ठासावी, दोन्ही तोंडे लाकडी गुट्ट्यांनी बंद करावीत, वळणाची जागा तापवून ती बेताने ओढावी, आणि तयार वळण वाकविलेल्या तारेच्या नमुन्याशी ताडून पाहावे, हा जुना हुन्नर. ती तार म्हणजे नळीची मूर्तिमंत मध्यरेषाच होय.

कागदावर मात्र हीच रेषा हट्टी ठरे. हँडलची वळणे एका पातळीत नसतात. म्हणून समोरचा, वरचा आणि बाजूचा असे तिन्ही देखावे काढले तरी तिरप्या भागाची खरी लांबी त्यांपैकी एकातही सापडत नाही, आणि फ्रान्सच्या गास्पार मोंज याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या भूमितीबरहुकूम आणखी एक साहाय्यक देखावा काढून ती मिळवावी लागते. ड्राफ्टर लावलेल्या तिरक्या फळ्यावर वाकून हे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला अवकाशाची जी समज येई, तिचे मोल मी थोर मानतो.

आयव्हन सदरलंड याने १९६३ साली संगणकाच्या पडद्यावर रेषा काढून दाखविली, १९८२ साली ऑटोकॅड ही आरेखनाची संगणकप्रणाली आली, १९८८ साली प्रो-इंजिनिअर आणि १९९५ साली सॉलिडवर्क्स. आणि नळीचे आरेखन पुन्हा त्या तारेकडे वळले. आरेखक प्रथम नळीची कल्पनाच करीत नाही. तो अवकाशात बिंदू देतो, बिंदू सरळ रेषांनी जोडतो, प्रत्येक कोपऱ्याला त्रिज्या देतो, आणि या मार्गावरून एक वर्तुळ फिरवितो की नळी उभी राहते. त्रिज्या नळीच्या निम्म्या व्यासाहून लहान दिली तर आतली भिंत स्वतःलाच छेदू लागते, आणि संगणक तो आकार घडविण्यास नकार देतो.

खरी मौज हिशेबात आहे. २२ मिलिमीटर व्यासाची नळी ६० मिलिमीटर त्रिज्येने काटकोनात वळविली, तर टोकदार कोपऱ्याच्या दोन बाजू मिळून १२० मिलिमीटर भरतात, पण मध्यरेषेवरील कंस केवळ ९४.२५ मिलिमीटर, म्हणजे कोपऱ्यांवरून लांबी मोजून नळी कापणारा प्रत्येक वळणामागे एका इंचाहून किंचित जास्त, २५.७५ मिलिमीटर, माल फुकट घालवितो. त्याच वळणात बाहेरची भिंत १११.५ मिलिमीटर होते आणि आतली ७७. मुळात दोन्ही सारख्या होत्या. बाहेरची ताणून पातळ होते, आतली दाबून जाड होते, आणि आत मँड्रेलचा, म्हणजे नळीत सारलेल्या दांड्याचा, आधार नसेल तर ती सुरकुतते किंवा नळीच चपटी होते. पडद्यावरची नळी मात्र सर्वत्र सारख्याच जाडीची दिसते.

नळी वाकविणाऱ्या यंत्राला बिंदूंची भाषा कळत नाही. नळी किती पुढे सारावी, स्वतःभोवती किती फिरवावी आणि किती अंश वाकवावी, हे तीनच आकडे वळणागणिक त्याला हवे असतात, आणि बिंदूंवरून ते काढण्याचे किचकट गणित आता संगणक निमिषार्धात करतो. तरीही पोलादाचा स्वभाव त्या गणितात पुरता उतरत नाही: नव्वद अंशांत वाकविलेली नळी पकड सुटताच थोडी उलगडते, म्हणून ती मुळातच एखाददोन अंश अधिक वाकवावी लागते, आणि हे अधिक किती, ते नळीची जाडी, त्रिज्या आणि पोलादाची जात यांवर अवलंबून असते. त्यासाठी कारखान्यात पहिला तुकडा वाकवितात, गेजवर बसवून मोजतात, आलेला फरक कोष्टकात नोंदवितात. मालाची नवी खेप आली की ते कोष्टक पुन्हा तपासतात, आणि दुरुस्त केलेले आकडे घेऊनच पुढची नळी डायवर चढवितात.