दीर्घकालीन श्वसनविकारग्रस्तांची गृहशुश्रूषा

दीर्घकालीन श्वसनविकारग्रस्तांची गृहशुश्रूषा म्हणजे सीओपीडी (दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसविकार), फुप्फुसांचे तंतुमयीकरण, क्षयरोगानंतर उरलेली फुप्फुसहानी अशा विकारांनी ग्रस्त व्यक्तीची कुटुंबीयांनी घरी घेतलेली काळजी होय. हे विकार सहसा पूर्ण बरे होत नाहीत. मात्र औषधे, व्यायाम व धूरमुक्त परिसर यांमुळे लक्षणे आटोक्यात राहू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२१ मध्ये सीओपीडीमुळे जगभरात सुमारे ३५ लाख मृत्यू झाले.

नागपूर परिसर

तंबाखूचा धूर हे सीओपीडीचे प्रमुख कारण असले, तरी धूम्रपान न करणाऱ्यांनाही तो होतो. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया आणि खाणींच्या धुळीत काम करणारे कामगार यांना धोका अधिक असतो. नागपूर जिल्ह्यात कामठी, सावनेर व उमरेड भागांत कोळशाच्या खाणी, तर कोराडी व खापरखेडा येथे औष्णिक वीज केंद्रे आहेत. नागपूरच्या ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने धूर कमी करणारी ‘नीरधूर’ ही चूल विकसित केली.

उन्हाळ्यात शहराचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते व उष्म्याने रुग्णाची धाप वाढते. कूलरच्या ताट्या व टाकीतील पाणी स्वच्छ नसल्यास त्यांत बुरशी वाढते. हिवाळ्यात शेकोट्यांचा, तर दिवाळीत फटाक्यांचा धूर त्रासदायक ठरतो. घरातील अगरबत्ती, डासांची कॉइल व फोडणीचा ठसका हेही टाळणे आवश्यक असते.

कुटुंबीयांची भूमिका

धाप लागू नये म्हणून रुग्णाला सर्व कामांपासून दूर ठेवण्याकडे घरच्यांचा कल असतो. परंतु हालचाल थांबली की स्नायू दुर्बल होतात आणि थोड्याशा श्रमानेही अधिक धाप लागते. म्हणून स्नान, कपडे घालणे, थोडे चालणे ही कामे रुग्णाने स्वतः, सावकाश व विश्रांती घेत करावीत आणि कुटुंबीयांनी जवळ राहावे, हे हितावह मानले जाते. पुढे किंचित वाकून बसणे व ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडणे यांमुळे धाप कमी होते. इन्हेलर योग्य रीतीने घेतला जातो की नाही, हे पाहणे आणि फ्लू व न्यूमोनियाच्या लसींबाबत वैद्यकीय सल्ला घेणे हेही कुटुंबीयांच्या कामात मोडते.

घरगुती प्राणवायू

रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सतत फार कमी असलेल्या रुग्णांना दिवसातून किमान १५ तास प्राणवायू दिला जातो. सीओपीडीमध्ये पातळी साधारणतः ८८ ते ९२ टक्के राखतात. धाप वाढलेली पाहून प्रवाह परस्पर वाढवणे घातक ठरू शकते. काही रुग्णांच्या रक्तात त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येते. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालत असल्याने भरलेला सिलिंडर हाताशी ठेवावा लागतो. प्राणवायू सुरू असताना जवळपास निरांजन, शेगडी वा सिगारेट असू नये.

तातडीची लक्षणे

वाक्य पूर्ण बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, असंबद्ध बोलणे वा जागे करणे कठीण होणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

शुश्रूषा करणाऱ्यांचे स्वास्थ्य

शुश्रूषेचा भार बहुधा पत्नी, मुलगी वा सुनेवर पडतो. रात्रीचे जागरण, रुग्णाची चिडचिड व खर्चाची चिंता यांतून नैराश्य येऊ शकते. त्यामुळे कामांची वाटणी आवश्यक असते. कृत्रिम श्वसनयंत्राबाबत रुग्णाची इच्छा तो सावध असतानाच विचारून ठेवल्यास ऐनवेळी निर्णयाचे ओझे कमी होते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली.