घाशीराम कोतवालाची न झालेली चौकशी



काही माणसांची नावे लोकांच्या तोंडी इतकी रुळतात की, ती पुढे विशेषनामे म्हणून राहतच नाहीत. पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळदास ह्याच्या नावाचे तसेच झाले आहे. अधिकाराच्या जोरावर गरिबांस छळणाऱ्या अंमलदाराला आपण आजही ‘घाशीराम’ म्हणतो. १८६३ साली मोरोबा कान्होबा ह्यांनी त्याच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि १९७२ साली विजय तेंडुलकर ह्यांचे नाटक रंगभूमीवर आल्यापासून तर महाराष्ट्राबाहेरही त्याचे नाव ठाऊक झाले. नाटककाराला इतिहासाचे बंधन नसते, व ते त्याने पाळलेच पाहिजे असेही नाही. परंतु ह्या सगळ्या प्रसिद्धीत एक गोष्ट झाकली गेली. घाशीराम दुष्ट होता की नव्हता ह्याचा खल पुष्कळ झाला. पण त्याच्यावर आरोप आला तेव्हा त्याचा निवाडा कोणत्या रीतीने झाला, हे फारसे कोणी पाहत नाही. आज मला त्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम कोतवाल म्हणजे कोण, हे ध्यानी घेतले पाहिजे. पेशवाईतील पुण्याचा कोतवाल हा नुसता पहारेकऱ्यांचा नाईक नव्हता. शहरातील भांडणतंट्यांचा निकाल करणे, बाजारातील जिनसांचे दर ठरविणे, घरे व जागा ह्यांच्या खरेदीखतांची नोंद ठेवणे, शहरात कोण आले व कोण गेले ह्याची टिपणे करणे, सरकारी कामास बिगारी पुरविणे, ही सारी कामे त्याच्याकडे असत. रात्रीची तोफ झाली म्हणजे रस्त्यात सापडेल त्याला धरून सकाळपर्यंत चावडीवर बसविण्याचा अधिकारही त्याचाच. म्हणजे धरणारा तोच, विचारणारा तोच, आणि दंड करणाराही पुष्कळदा तोच. शहराचा बंदोबस्त ह्या पद्धतीने चांगला राहत असे, ह्यात संशय नाही. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात त्यानेही पुण्याच्या बंदोबस्ताविषयी बरेच म्हटले आहे. परंतु चोरांपासून शहर सुरक्षित असणे ही एक गोष्ट झाली. कोतवालापासून शहर सुरक्षित असणे ही दुसरी. ह्या दुसऱ्या गोष्टीची तजवीज कोणी केलेली नव्हती.

घाशीराम हा उत्तरेकडील ब्राह्मण. १७७७ साली नाना फडणवीसांनी त्याला कोतवाली दिली. तो काळ मोठा संशयाचा होता. नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंचे कारस्थान उभे राहिले होते, रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले होते, आणि शहरात कोण कोणाचा माणूस आहे ह्याची बातमी राखणे नानांना अवश्य होते. घाशीराम ह्या कामी उपयोगी पडला. पुढे चौदा वर्षे तो त्या जागेवर राहिला. ज्या नोकराच्या निष्ठेवर धन्याची भिस्त असते, त्याच्याविषयीचे गाऱ्हाणे धन्यापाशी न्यावे कसे, हा प्रश्न रयतेपुढे तेव्हाही होता व आजही आहे.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. १७९१ सालचा श्रावण संपत आला होता. श्रावणातील दक्षिणेसाठी दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण पुण्यास येत, तसे तेलंगणातूनही आले होते. त्यांपैकी काही मंडळी परत जाताना भवानी पेठेच्या बाजूस, घाशीरामाच्या बागेपाशी उतरली. भुकेल्या माणसांनी बागेतले काही तोडून खाल्ले, माळ्याशी बोलाचाली झाली, आणि कोतवालाच्या शिपायांनी त्यांना चोर म्हणून धरून एका कोंदट भुयारवजा कोठडीत कोंडले. २९ ऑगस्टची ती रात्र. तिसांहून अधिक माणसे त्या जागेत होती. मानाजी शिंदे फाकडे ह्या सरदाराने जाऊन कुलूप फोडले, तेव्हा त्यांतील एकवीस जण गुदमरून मरण पावल्याचे दिसून आले. बारीकसारीक तपशिलांत निरनिराळ्या वृत्तांतांचा मेळ बसत नाही. परंतु कोठडी, कुलूप आणि प्रेते ह्यांविषयी मतभेद नाही.

ही बातमी सतरा वर्षांच्या सवाई माधवरावांच्या कानी गेली. नानांच्या वाड्यापुढे ब्राह्मणांचा मोठा समुदाय जमला. न्यायाधीश अय्याशास्त्री ह्यांच्याकडे प्रकरण आले, पण शांतपणे साक्षी घेण्यास अवकाश कोठला? जमावाला कोतवालाचा प्राण हवा होता. शेवटी घाशीरामाला हत्तीवर बांधून शहरभर फिरविले, गारपिराजवळ नेले आणि तेलंगी ब्राह्मणांच्या स्वाधीन केले. ३१ ऑगस्ट रोजी त्यांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. गुन्हा, आरोप आणि शिक्षा हे सारे दोन दिवसांत आटोपले.

पुष्कळ लोक म्हणतात, ‘झाले ते ठीकच झाले, पापाचा घडा भरला होता.’ एकवीस निरपराध माणसांच्या मरणाचा ज्यांना संताप आला, त्यांना दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु ह्या दोन दिवसांत काय काय विचारावयाचे राहून गेले, त्याची यादी करून पाहा. त्या माणसांना कोंडण्याचा हुकूम कोणी दिला? एवढ्याशा जागेत इतकी माणसे आहेत हे घाशीरामाला ठाऊक होते काय? आतून ओरड झाली असेल, ती पहाऱ्यावरच्या शिपायांनी ऐकली की नाही, आणि ऐकली असल्यास दार का उघडले नाही? मागील चौदा वर्षांत त्या कोठडीत आणखी कोण कोण बसले होते? आणि सर्वांत मोठा प्रश्न म्हणजे, अशा माणसाला चौदा वर्षे कोणी व कशासाठी सांभाळले? ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे शाबीत झालेले उत्तर आज आपल्यापाशी नाही. ज्याच्या तोंडून ते काढावयाचे, त्याचे तोंड दगडांनी कायमचे बंद केले. घाशीराम गेला, त्याला नेमणाऱ्या कारभारास मात्र कोणी एक शब्दही विचारला नाही.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. कोंडलेली माणसे ब्राह्मण होती, दक्षिणेसाठी आलेली होती. म्हणून शहर खवळले. कुलूप फोडणारा सरदार होता. म्हणून शिपायांनी त्याला अडविले नाही. त्या जागी वेठीस धरलेले चार बिगारी किंवा एखादी निराधार बाई असती, तर सकाळी पेशव्यांपर्यंत कोण गेले असते? ज्या न्यायाला जमाव लागतो, तो ज्याच्यामागे जमाव नाही त्याच्या उपयोगी पडत नाही.

कोणी म्हणेल, त्या काळी याहून वेगळे काही होणे शक्यच नव्हते. तसे म्हणता येत नाही. ह्याच पुण्यात बरोबर अठरा वर्षांपूर्वी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ज्या गारद्यांनी वाडा राखावयाचा त्यांनीच नारायणराव पेशव्यांचा खून केला होता. त्या वेळी रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी चौकशी केली, पुरावा पाहिला आणि खुद्द गादीवर बसलेल्या रघुनाथरावांना दोषी ठरविले. रघुनाथरावांनी ते मानले नाही, व शास्त्रीबोवा पुणे सोडून गेले. पण दोष कोणाचा, हे सांगून ठेवण्याचे काम त्यांनी केले. पुढील राजकारणाला त्याचाच आधार मिळाला. १७८९ साली रामशास्त्री वारले, आणि दोन वर्षांतच हा प्रसंग आला. न्यायाधीशाची जागा भरता येते. तिचा वचक मात्र नेमणुकीच्या कागदाबरोबर येत नाही.

आता सह्याद्रीच्या खाली उतरून मुंबईस जाऊ. कारण त्याच सुमारास तेथेही असेच एक प्रकरण झाले व त्याचा शेवट अगदी उलट झाला. इंग्रजांच्या मुंबईत जेम्स टॉड नावाचा ‘लेफ्टनंट ऑफ पोलीस’ होता. सुमारे दहा वर्षे शहराचा बंदोबस्त त्याच्या हाती होता. १७९० साली, म्हणजे घाशीरामाच्या मरणापूर्वी एकच वर्ष, लाच खाल्ल्याच्या आरोपावरून त्याच्यावर खटला झाला. मुख्य साक्षीदार होता त्याच्यासाठी लाच गोळा करणारा त्याचाच देशी हस्तक. टॉडने बचाव असा केला की, असल्या साक्षीवर इंग्रजास दोषी ठरविले तर कोणताच इंग्रज सुरक्षित राहणार नाही. हा बचाव टिकला नाही. टॉड दोषी ठरला. परंतु शिक्षा काय? कानउघाडणी करून त्याला जागेचा राजीनामा देऊ दिला, एवढेच. पुढे १८०४ ते १८११ पर्यंत मुंबईस रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीश, असलेल्या सर जेम्स मॅकिंटॉशने ह्या खटल्याविषयी लिहिताना ही शिक्षा फारच सौम्य असल्याचे नमूद केले आहे. काळ्या हस्तकाची साक्ष कधीच खरी मानावयाची नाही असे ठरविले, तर गोरा लबाड कायमचा निर्भय होईल, असाही त्याचा अभिप्राय होता.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावी. मुंबईत कोर्ट होते, साक्ष होती, निकाल होता. पण शिक्षा नावापुरती. पुण्यात शिक्षा भयंकर. पण साक्ष नाही की निकाल नाही. दोन्हीकडे रयतेने घ्यावयाचा धडा एकच होता: अंमलदाराविरुद्ध रीतसर तक्रार करण्यात अर्थ नाही. मुंबईकराला वाटले असेल की साहेबाला काहीच होत नाही. पुणेकराला वाटले असेल की दगड उचलल्यावाचून काहीच होत नाही. लोकांचा विश्वास ह्या दोन्ही वाटांनी सारखाच उडतो.

मुंबईत तोच रोग पुन्हा उद्भवला. १८१० साली ब्रिस्को नावाच्या पोलीस सुपरिंटेंडेंटवर तशाच लाचखोरीचा खटला झाला. तेव्हा मॅकिंटॉशने रोगाचे मूळ दाखविले. जो माणूस धरतो त्याच्याच हाती निवाडा आणि शिक्षा दिली, व त्याच्यावर देखरेख ठेवणारे कोणी नसले, तर माणूस कोणताही असो, तो बिघडणारच. १८१२ च्या नियमाने मुंबईच्या पोलिसांची नवी घडी बसविली, तिच्यामागे हा अनुभव होता. घाशीरामाच्या कोतवालीतला दोष तरी याहून वेगळा कोठे होता?

पुढचा इतिहास म्हणजे हाच धडा फार सावकाश शिकण्याचा इतिहास आहे. मद्रास इलाख्यात वसुली व पोलीस ह्या खात्यांचे लोक रयतेचा छळ करतात, ह्याची चौकशी १८५५ साली एका कमिशनने केली. छळाइतकेच दुःखद जे त्यांना आढळले ते हे की, त्याविरुद्ध दाद मागणे गरिबाला जवळजवळ अशक्य होते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने पोलीस अंमलदारापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, असे ठरविले. तोच नियम १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. आपल्याच नोकरापुढे झालेली कबुली सरकार खरी धरीत नाही, ह्यापेक्षा अविश्वासाची मोठी कबुली कोणती? १९०२ साली नेमलेल्या फ्रेझर कमिशननेही पोलीसखाते लाचखाऊ व जुलमी झाले असून त्याला लोकांचा विश्वास मिळविता आला नाही, असेच सांगितले.

स्वराज्यानंतरही हा प्रश्न संपला नाही. १९७२ साली, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीसठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. सेशन्स कोर्टाने त्यांना सोडले, मुंबई हायकोर्टाने दोषी ठरविले आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडले. पुढल्या वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार व वसुधा धागमवार ह्या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. देशभर चर्चा झाली, आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अशा गुन्ह्याला अधिक कडक शिक्षा ठरली, व स्त्रीने आपली संमती नव्हती असे शपथेवर सांगितल्यास कोर्टाने ते प्रथमतः खरे धरावे, असे झाले. येथे कोणी दगड उचलला नाही. पत्र लिहिले गेले, युक्तिवाद झाला, आणि जो लाभ झाला तो पुढील सर्व स्त्रियांना झाला. पुण्याच्या त्या दोन दिवसांनी पुढच्या एकाही कैद्याला असे काही दिले नाही.

आज कोठडीत कोणी मेला तर त्याची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी असा कायदा आहे. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात व जिल्ह्यांत स्वतंत्र प्राधिकरणे नेमावीत, असा हुकूम सुप्रीम कोर्टाने २००६ साली दिला, व महाराष्ट्रानेही २०१४ साली आपल्या पोलीस कायद्यात तशी तरतूद केली. कागदावर हे सारे ठीक आहे. पण अशी चौकशी लांबली, अथवा आरोपीच्याच सहकाऱ्यांकडे गेली, म्हणजे लोकांच्या मनात टॉडची आठवण जागी होते. आणि आरोप ऐकताच ‘ह्याला आमच्या हवाली करा’ अशी आरोळी उठली, म्हणजे गारपिराची.

प्रामाणिक शिपायानेही हे ध्यानात ठेवावे. चौकशी ही त्याची वैरीण नव्हे. खोट्या आरोपातून त्याला सोडविणारी तीच एक आहे. आणि शेजारी बसणाऱ्या घाशीरामाच्या पापाचा वाटा त्याच्या माथी येऊ नये म्हणूनही तीच लागते. ज्या ठाण्यात अंमलदाराविरुद्धची तक्रार निर्भयपणे लिहून घेतली जाते, त्या ठाण्यावर चोराविरुद्धची तक्रारही लोक विश्वासाने देतात.

१७९१ साली ते कुलूप फोडावयास एक सरदार लागला, व तो आला तेव्हा एकवीस माणसे मेलेली होती. ते कुलूप सरदारावाचून, जमावावाचून आणि वेळेवर उघडता यावे, ह्यासाठीच कायदा असतो. तो वापरण्याची सवय मात्र आपणां सर्वांना लावून घ्यावी लागेल.