फिरत्या प्रदर्शनाची शंभरी

१९३९ सालच्या जुलै महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत लंडनच्या पश्चिमेस असलेल्या विंडसर येथील राजोद्यानांत पांच दिवसांपुरतें एक नगरच वसलें होतें. तंबूंच्या रांगा, लांकडी गोठे, घोड्यांचे तबेले, यंत्रांचे मांडव आणि मधोमध हिरवळीचें विस्तीर्ण रिंगण अशी त्याची रचना होती. केसाळ पायांचे धिप्पाड शायर घोडे, तांबूस-पांढरीं शॉर्टहॉर्न गुरें, मेंढ्या आणि डुकरें हीं सर्व धुऊन, पुसून, विंचरून परीक्षकांपुढें आणलीं जात होतीं. आणि तेथून थोड्याच अंतरावर, पुढें या घोड्यांची जागा घेणारे ट्रॅक्टर मांडून ठेवलेले होते. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचें हें शताब्दी प्रदर्शन. तिचें पहिलें प्रदर्शन बरोबर शंभर वर्षांपूर्वीं, १८३९ च्या जुलैंत, ऑक्सफर्ड येथें भरलें होतें.

समारंभ थाटाचा होता. परंतु त्यावर एक छाया पडलेली होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यांत ब्रिटिश सरकारनें, जुनीं कुरणें नांगरून लागवडीखालीं आणणाऱ्या शेतकऱ्यास एकरीं दोन पौंड देण्याचें जाहीर केलें होतें. युद्ध आलें तर धान्याचीं जहाजें समुद्रांत बुडतील आणि अर्ध्याहून अधिक अन्न बाहेरून आणणाऱ्या या देशावर उपासमारीची पाळी येईल, ही त्यामागील भीति. प्रदर्शनाचे तंबू उतरून दोन महिने होतात न होतात तोंच, ३ सप्टेंबर रोजीं, युद्ध पुकारलें गेलें. शंभर वर्षें उत्तमोत्तम जनावरें निवडीत आलेल्या देशास आतां स्वतःची भाकर पिकवितां येईल कीं नाहीं, हें पाहावयाचें होतें. अशा वेळीं, या शंभर वर्षांत त्या प्रदर्शनानें काय साधलें आणि त्याला काय साधलें नाहीं, हा प्रश्न आपोआपच पुढें येतो.

या संस्थेचा उगम एका मेजवानींत आहे. लंडनमध्यें स्मिथफील्ड क्लब नांवाची, पुष्ट जनावरांचें प्रदर्शन भरविणारी एक जुनी संस्था होती. तिच्या १८३७ च्या डिसेंबरांतील मेजवानीच्या प्रसंगीं अर्ल स्पेन्सर यांनीं, सबंध इंग्लंडसाठीं एक शेतकी संस्था असावी, अशी सूचना मांडली. स्कॉटलंडांत अशी संस्था १७८४ पासून होती, इंग्लंडांत नव्हती. स्पेन्सर हे कांहीं वर्षांपूर्वीं देशाचे अर्थमंत्री होते. परंतु पार्लमेंटपेक्षां आपल्या गोठ्यांतील शॉर्टहॉर्न गुरांतच त्यांचें मन अधिक रमत असे. ९ मे १८३८ रोजीं संस्था स्थापन झाली व तेच तिचे पहिले अध्यक्ष झाले. १८४० सालीं राजसनद मिळून तिच्या नांवामागें ‘रॉयल’ हें बिरुद लागलें. ‘शास्त्राच्या जोडीनें व्यवहार’ हें तिनें आपलें ब्रीद ठरविलें. या ब्रीदांत व्यवहार आधीं आहे आणि शास्त्र त्याच्या जोडीला आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

संस्थेनें आणखी एक नियम स्वतःस घालून घेतला होता. तिच्या सभांत राजकारणाची चर्चा करावयाची नाहीं, असा तो नियम होय. परदेशी धान्यावरील जकातीचा वाद त्या वेळीं ऐन भरांत होता. जमीनदारांना जकात हवी होती, कारखानदारांना ती नको होती. आणि अखेर १८४६ सालीं ती उठविण्याचा कायदा झाला. अशा काळांत जमीनदार, कुळें आणि यंत्रकार यांना एका पंक्तीस बसवावयाचें, तर धान्याचा भाव आणि जमिनीचा खंड हे दोन विषय दाराबाहेर ठेवणें भागच होतें. या शहाणपणामुळें संस्था वाढली. पण शेतकऱ्याच्या जीवनांतले सर्वांत मोठे दोन प्रश्न त्यामुळें तिच्या कक्षेबाहेर राहिले, याचा प्रत्यय पुढें आला.

ऑक्सफर्डच्या पहिल्या प्रदर्शनाच्या वेळीं त्या शहरास आगगाडी पोहोंचलेली नव्हती. ती आली १८४४ सालीं. त्यामुळें दूरचीं जनावरें जलमार्गानें किंवा रस्त्यानें पायीं आणावीं लागलीं. इतक्या यातायातींतून यॉर्कशायरचे थॉमस बेट्स यांनीं आपलीं शॉर्टहॉर्न गुरें आणलीं आणि त्यांस बक्षिसें मिळून त्या अवलादीचें नांव सर्वतोमुखीं झालें. क्वीन्स कॉलेजच्या चौकांत मांडव घालून दोन हजारांहून अधिक पाहुण्यांची पंगत बसली. त्या पंक्तींत अमेरिकेचे प्रसिद्ध वक्ते डॅनियल वेबस्टर यांचेंही भाषण झालें. ज्या विद्यापीठांत ग्रीक व लॅटिन यांचाच घोष चाले, तेथें बैलांची आणि मेंढ्यांची चर्चा झाली, हीच त्या दिवसाची मोठी नवलाई.

पुढील वीस वर्षें हा संस्थेच्या इतिहासांतील सर्वांत संपन्न काळ. १८४० सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याचा शेतीच्या रसायनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८४३ सालीं लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनीं रॉथॅम्स्टेड येथील शेतांत खतांचे प्रयोग आरंभिले. ते प्रयोग इतके चिकाटीचे होते, कीं त्यांतील कांहीं शेतें दीडशें वर्षांनंतरही तशींच चालू राहिलीं. त्यांचे निष्कर्ष फिलिप प्यूसी यांच्या देखरेखीखालीं निघणाऱ्या संस्थेच्या नियतकालिकांत छापून येऊं लागले. संस्थेचे रसायनशास्त्रज्ञ ऑगस्टस व्होल्कर सभासदांनीं पाठविलेल्या खतांची व पेंडीची परीक्षा करीत. खताच्या नांवाखालीं माती आणि पेंडीच्या नांवाखालीं भुसा विकणाऱ्या व्यापाऱ्यांचें पितळ त्यामुळें उघडें पडलें. शास्त्राचा हा उपयोग कोणत्याही शेतकऱ्यास व्याख्यानावांचून समजण्यासारखा होता.

यंत्रांच्या बाबतींतही तीच दृष्टि ठेवण्यांत आली. रंगविलेलें यंत्र मांडवांत उभें करून बक्षीस मिळवितां येऊं नये, त्याची परीक्षा शेतांतच झाली पाहिजे, असा दंडक हळूहळू पडला. १८४१ सालीं लिव्हरपूलच्या प्रदर्शनांत इप्सविचच्या रॅन्सम्स या कारखानदारांनीं गांवोगांव नेतां येईल असें वाफेचें इंजिन मांडलें. वाफेच्या बळावर नांगरट करणाऱ्या उत्तम यंत्रास संस्थेनें ५०० पौंडांचें बक्षीस लावलें होतें. तें १८५८ सालीं चेस्टर येथें जॉन फाउलर यांस मिळालें. त्यांच्या रचनेंत अवजड इंजिन शेतांतून चालत नसे. तें बांधावर उभें राही आणि तारेच्या दोरानें नांगर ओढून घेई. त्यामुळें जमीन तुडविली जात नसे. शेतकऱ्याची अडचण ध्यानीं घेऊन यंत्रकारानें काढलेली ही युक्ति होती.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हें प्रदर्शन फिरतें होतें. ऑक्सफर्डनंतर केंब्रिज, मग लिव्हरपूल, ब्रिस्टल, डर्बी, साउदॅम्प्टन असा त्याचा मुक्काम दर वर्षीं हालत गेला. ज्या भागांत तें जाई तेथील माती निराळी, गुरें निराळीं, अवजारें निराळीं. तेथल्या शेतकऱ्यास परभागचीं यंत्रें पाहावयास मिळत. आणि परभागांतून आलेल्यांना त्या मुलुखांतील, बाहेर कोणास ठाऊक नसलेली एखादी मेंढ्यांची जात किंवा पेरणीची तऱ्हा दिसे. तंबू उतरले कीं प्रदर्शन पुढें जाई. पाहिलेलें मात्र मागें राही. शेजाऱ्याच्या शेतांत नवें यंत्र चाललेलें पाहिल्याखेरीज शेतकरी तें घेत नाहीं, हा अनुभव सर्व देशांतला आहे. या प्रदर्शनानें सबंध इंग्लंडला क्रमाक्रमानें एकमेकांचें शेजारी करून सोडलें.

संकटेंही आलीं. १८६५ सालीं परदेशी गुरांबरोबर बुळकांड्यांची सांथ इंग्लंडांत शिरली. जनावरें एकत्र जमविणें म्हणजे मरणास आमंत्रण, अशी स्थिति झाल्यामुळें १८६६ सालीं प्रदर्शन भरलेंच नाहीं. १८७९ सालीं लंडनच्या किलबर्न भागांत सर्व जगाला आमंत्रण देऊन मोठें प्रदर्शन मांडलें. परंतु पावसानें सारें मैदान चिखलमय झालें आणि संस्थेस जबर तोटा सोसावा लागला. त्याच पावसानें देशांतील पीकही बुडविलें. पूर्वी पीक कमी आलें कीं भाव चढे व शेतकऱ्याचें कसेंबसें निभावे. पण आतां अमेरिकेचा स्वस्त गहूं आगबोटींतून येत असल्यानें भावही चढला नाहीं. पुढील वीस वर्षें इंग्लंडची शेती खचत गेली. खतें, यंत्रें आणि अवलादी यांचें सर्व ज्ञान जवळ असूनही गहूं पेरणें परवडेना. ज्या विषयावर बोलावयाचें नाहीं असें संस्थेनें ठरविलें होतें, त्याच विषयानें शेतकऱ्यास गांठलें होतें.

अशा मंदीच्या काळांत, १८८९ सालीं, संस्थेच्या पन्नाशीचें प्रदर्शन विंडसर येथें भरलें. राणी व्हिक्टोरिया त्या वर्षीं संस्थेची अध्यक्ष होती. याच वर्षाच्या अखेरीस घडलेली एक गोष्ट मात्र हिंदुस्थानच्या दृष्टीनें त्या समारंभाहून मोठी आहे. ऑगस्टस व्होल्कर यांचे चिरंजीव व संस्थेच्या रसायनशास्त्रज्ञाच्या पदावरील त्यांचे वारस, डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर, यांस हिंदुस्थानची शेती सुधारण्याचे उपाय सुचविण्यासाठीं सरकारनें इकडे पाठविलें. मुंबई इलाख्यासह बहुतेक सर्व प्रांतांतून ते वर्षभर हिंडले, आणि १८९३ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

शिकवावयास आलेल्या या पंडितानें प्रथम जें लिहिलें तें त्याच्या देशबांधवांस अनपेक्षित होतें. हिंदुस्थानची शेती म्हणजे रानटी व मागासलेली, हा समज चुकीचा आहे. येथील चांगला शेतकरी सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, कांहीं बाबतींत त्याहून सरसही आहे, असा स्पष्ट अभिप्राय त्यांनीं दिला. शेत तणावांचून स्वच्छ ठेवणें, पाणी उपसण्याच्या युक्त्या, जमिनीची पारख, पेरणी-कापणीची नेमकी वेळ साधणें, या गोष्टींत त्यांना कांहीं शिकविण्यासारखें आढळलें नाहीं. उणीव होती ती साधनांची: पाण्याची, खताची, भांडवलाची. शेण शेतांत जाण्याऐवजीं चुलींत कां जातें, याचें उत्तर त्यांनीं शेतकऱ्याच्या अज्ञानांत शोधलें नाहीं. जळणास लांकूड नाहीं, म्हणून शेण जाळावें लागतें, हें त्यांनीं ओळखलें. आणि गांवांजवळ जळण व वैरण यांसाठीं राखीव रानें वाढवावीं, असें सुचविलें. ‘व्यवहार आधीं’ हें आपल्या संस्थेचें ब्रीद परमुलुखांत इतक्या प्रामाणिकपणें पाळणारा दुसरा अधिकारी सांपडणें कठीण. या अहवालामागोमाग, सरकारी शेतकी खात्यांत रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. रानांची सूचना मात्र बव्हंशीं कागदावरच राहिली.

इकडे संस्थेच्या चालकांस फिरतीचा कंटाळा आला होता. दर वर्षीं नवें मैदान, नवे रस्ते, नवा खर्च! त्यापेक्षां लंडनसारख्या राजधानीजवळ कायमची जागा घ्यावी, म्हणजे प्रेक्षकांस तोटा नाहीं, असा हिशेब करून लंडनच्या सीमेवर पार्क रॉयल येथें जमीन घेण्यांत आली. १९०३ पासून तीन वर्षें तेथें प्रदर्शन भरलें, आणि तिन्ही वर्षें गर्दी ओसरतच गेली. लंडनकरांस गुरांचें अगत्य नव्हतें आणि शेतकऱ्यांस लंडनचें नव्हतें. संस्था जवळजवळ बुडीत निघाली. तेव्हां १९०६ सालीं ती मुकाट्यानें पुन्हां डर्बीच्या वाटेला लागली आणि तगली.

१९३९ च्या शताब्दीमागें हा असा इतिहास होता. युद्ध सुरू होतांच प्रदर्शन थांबलें तें १९४७ सालीं लिंकन येथें पुन्हां भरेपर्यंत. पण मधल्या काळांत लक्षावधि एकर कुरणें नांगराखालीं आलीं. कौंटीकौंटींतून युद्धकालीन शेतकी समित्या नेमल्या गेल्या. त्यांत अनुभवी स्थानिक शेतकरी होते. काय पेरावें, कोणतें खत घालावें, ट्रॅक्टर कोणाकडे पाठवावा, हें ते ठरवीत. जें शंभर वर्षें हौसेनें पाहिलें गेलें, तें आतां निकडीनें वापरलें गेलें. आणि शेतकऱ्यास भावाची हमी मिळाली, तेव्हां त्याच मातीनें पीकही दिलें. ज्ञान होतेंच, त्याला भावाची जोड मिळावयाची राहिली होती.

युद्धानंतर संस्थेनें कायम जागेचा मोह दुसऱ्यांदां धरला. १९६३ पासून वॉरिकशायरमधील स्टोनले येथें पक्क्या इमारतींसह प्रदर्शन भरूं लागलें. आरंभीं तें भरभराटलें. पुढें शेतकऱ्यांची संख्या घटली, प्रत्येक धंद्याचीं वेगळीं प्रदर्शनें निघालीं, २००१ सालीं लाळ-खुरकताच्या सांथीमुळें तें रद्द करावें लागलें, आणि जुलै २००९ मध्यें शेवटचा ‘रॉयल शो’ झाला. संस्था उरली, तिचें प्रदर्शन उरलें नाहीं.

एका जागीं स्थिर झालें म्हणूनच तें संपलें, असें म्हणणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. यॉर्कशायरचें मोठें प्रदर्शन १९५१ पासून हॅरोगेट येथें एकाच मैदानावर भरत आलें असून तें चांगलें जिवंत आहे. पण तें यॉर्कशायरचें आहे. तेथल्या घराघराला तें आपलें वाटतें. ‘रॉयल’ हें कोणा एका कौंटीचें नव्हतें, सर्वांचें होतें. आणि जें सर्वांचें असतें त्याला प्रत्येकाच्या दाराशीं जावें लागतें. विंडसरला शंभर वर्षें मोजलीं गेलीं तीं वस्तुतः मुक्कामांचीं वर्षें होतीं. व्होल्करना हिंदुस्थानांत जें दिसलें, तें लंडनमध्यें बसून दिसलें नसतें. शेतकऱ्यास शिकवूं पाहणाऱ्यानें आधीं त्याच्या बांधावर जावें, हा धडा त्या जुन्या प्रदर्शनानें आपल्या फिरतींतून दिला; तो प्रदर्शनाबरोबर संपण्याचें कारण नाहीं.