पित्सिओलाक अशूना : न रेखाटलेली भूक

पित्सिओलाक अशूना या इनुइट चित्रकर्तीचे चरित्र आणि तिची चित्रे शेजारी ठेवली की अभ्यासक बुचकळ्यात पडतो. तिचा जन्म १९०४च्या सुमारास, हडसन सामुद्रधुनीतल्या नॉटिंगहॅम बेटावर झाला. आईवडील उत्तर क्वेबेकहून बॅफिन बेटाकडे निघालेले असताना, वाटेतच. पुढे अशूना या शिकाऱ्याशी लग्न, १७ मुले, त्यांतली अनेक लहानपणीच दगावलेली. १९४०च्या दशकात साथीने नवराही गेला आणि भुकेची, परावलंबनाची वर्षे सुरू झाली. चित्रांत मात्र कातडी तंबू आहेत, उन्हाळी स्थलांतरे आहेत, अंगरख्याच्या टोपरात आईच्या पाठीशी बसलेली मुले आहेत, पक्षी आहेत. उपासमार जवळजवळ नाहीच.

ती चित्रे काढू लागली तेव्हा पन्नाशी उलटलेली होती. केप डॉर्सेट (२०२०पासून अधिकृतपणे किनगाइत) येथे जेम्स ह्यूस्टनच्या पुढाकाराने मुद्राचित्रणाचे काम उभे राहिले होते. त्यासाठी तो १९५८मध्ये जपानात जाऊन तंत्र शिकून आला होता. सहकारी संस्था रेखाटने रोख पैसे देऊन विकत घेई. त्यांतली मोजकीच निवडली जात, दुसराच कारागीर ती दगडावर कोरी आणि ठसे दक्षिणेकडच्या शहरांत विक्रीला जात. पित्सिओलाकने सात हजारांहून अधिक रेखाटने केली. छापली गेली ती दोनशेहून थोडी अधिक.

तेव्हा असे म्हणणे सोपे आहे, की ग्राहकाला निष्कलंक ध्रुवीय जीवन हवे होते आणि विधवेने पोटासाठी ते पुरवले. हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. निवडीचे राजकारण छापलेल्या दोनशे चित्रांचा खुलासा करील. न छापलेल्या हजारो कागदांवरही तोच सूर आहे, त्याचे काय? शिवाय १९७१मध्ये डोरोथी एबर यांनी तिच्या मुलाखतींतून सिद्ध केलेले आत्मकथन इंग्रजी व इनुक्टिटुट अशा दोन्ही भाषांत निघाले. त्यात पतीचा मृत्यू आहे, हलाखी आहे. म्हणजे विस्मरण झालेले नव्हते. दुःख सांगायचे ते तोंडाने. कागद तिने वेगळ्या कामासाठी राखून ठेवला होता. (आत्मचरित्र म्हणजे केवळ शब्द, हे आपण वर्गात जरा घाईनेच शिकवतो.)

हा संयम पुढच्या पिढ्यांनी मोडला. लेक नापाची पूटूगूकने उतारवयात भूक आणि स्त्रियांवरचे अत्याचार रेखाटले. नात ॲनीने तर दूरदर्शन संच, फ्रीझर, दारू आणि घरातली मारहाण रंगीत पेन्सिलींनी कागदावर आणली. २००६मध्ये तिला कॅनडाचा मानाचा सोबी पुरस्कार मिळाला. २०१६मध्ये ओटावात तिचा मृतदेह नदीत सापडला, तेव्हा ती ४७ वर्षांची होती. आजी १९८३मध्येच गेली होती. पण ॲनीच्या चित्रांत ती भेटते : चित्र काढण्यात गढलेली म्हातारी, आणि कधी तर ती स्वतःही नाही, नुसता तिचा जाड काळ्या काड्यांचा चष्मा.