गाणं कुणाचं?

न्यूयॉर्कमधली पाच शाळकरी पोरं. एकाने गायचं, बाकीच्यांनी निरर्थक बोलांनी साथ धरायची, हेच डू-वॉप. १९५६ साली 'द टीनएजर्स'चं 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. मुख्य गायक फ्रँकी लायमन फक्त १३ वर्षांचा! १९५७ मध्ये तो वेगळा झाला आणि गटाची रयाच गेली. १९६८ मध्ये हेरॉइनने त्याचा बळी घेतला, वय २५.

मी पडलो कारकून, माझं लक्ष कागदावर. गाण्याचे हक्क लायमन आणि निर्माता जॉर्ज गोल्डनर यांच्या नावावर. साथीदार हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट म्हणत, गाणं आमचं. १९९२ मध्ये ज्यूरीने ते मान्य केलं. १९९६ मध्ये वरच्या कोर्टाने दावा मुदतबाह्य ठरवला. म्हणजे त्यांचं म्हणणं खोटं ठरलं नाही, तारीख तेवढी टळली. हा शेरा फायलींवर मीही मारतो. पण शाळकरी पोरांना मुदत कुणी समजावली होती?