पिकअपचा शाफ्ट तुटला तर आधी दगड, मग पाना

कांदा घेऊन लासलगावला किंवा भाजीपाला घेऊन वाशीला जाणाऱ्या पिकअपपैकी कितीतरी गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. इंजिन दणकट असतं, बॉडीला दोनदा वेल्डिंग झालेलं असतं आणि गाडीखाली फिरणाऱ्या प्रोपेलर शाफ्टकडे मात्र तो तुटेपर्यंत कोणी बघत नाही. गिअर बॉक्समधून निघालेली ताकद मागच्या डिफ्रेन्शियलपर्यंत नेणारा हा पोकळ लोखंडी पाइप. त्याच्या टोकांना क्रॉस असतात. लांब चेसिसच्या गाड्यांत शाफ्टचे दोन तुकडे असून मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं.

शाफ्ट तुटल्याची खूण सोपी आहे. गिअर टाकून क्लच सोडला तरी इंजिन बंद पडत नाही आणि गाडी जागची हलत नाही. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल गिअर बॉक्सच्या मागच्या टोकाला असते. त्यामुळे अशा वेळी मीटरचा काटा हलतो आणि गाडी उभीच राहते. काटाही हलत नसेल तर संशय आधी क्लच प्लेटवर घ्यावा. काटा हलतो, खालचा शाफ्टही अख्खा फिरतो, तरी गाडी जात नाही, असं असेल तर चाकाकडचा एक्सल गेलेला असू शकतो. ही तपासणी सपाट जागी, चाकांना दगड लावून आणि बाजूला लांब उभं राहून करावी. फिरत्या शाफ्टमध्ये उपरणं किंवा शर्टाची बाही अडकली तर माणूस आत ओढला जातो.

खरा धोका मात्र गाडी उभी राहिल्यानंतर सुरू होतो. ‘गाडी गिअरमध्ये टाकली आहे, आता हलणार नाही’ ही चालकांची जुनी सवय. शाफ्ट तुटलेला असेल तर इंजिन आणि चाक यांचा संबंधच उरलेला नसतो, त्यामुळे गिअर टाकला काय अन् न टाकला काय, सारखंच. काही जुन्या जीपवजा गाड्यांत तर हँडब्रेकचा ड्रम गिअर बॉक्सच्या मागे, शाफ्टवरच असतो. तिथे हँडब्रेकही निकामी होतो. ज्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे त्यांचीही केबल सैल असतेच. म्हणून चढावर किंवा उतारावर गाडी थांबली की चालकाने ब्रेकवरचा पाय काढू नये आणि इंजिनही लगेच बंद करू नये. डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिन चालू असेपर्यंतच तयार होतो. बंद केल्यावर दोन-चार वेळा दाबला की ब्रेक जड होतो. आधी सोबत्याने चाकांना मोठे दगड लावायचे, मग इंजिन बंद. एकट्याने रात्री भरलेली गाडी नेणाऱ्यांनी तर दोन लाकडी ठोकळे केबिनमध्येच ठेवलेले बरे.

माळशेज किंवा कसारा घाट उतरताना शाफ्ट गेला तर इंजिनाचा रोध एकदम संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तेव्हा लगेच डाव्या बाजूला, डोंगराच्या अंगाला जागा असेल तर तिकडे गाडी घ्यावी. पुढचं टोक सुटून रस्त्याला टेकलं तर त्याहून वाईट. चालत्या गाडीत ते टोक डांबरात रुतून गाडीला मागून उचलू शकतं. शाफ्टभोवती लोखंडी पट्टीचं कडं त्यासाठीच असतं. ते गंजून पडलं असेल तर परत बसवून घ्यावं.

दुरुस्तीआधी माल उतरवावा. गाडी जॅकवर घेऊन लगेच खाली घुसू नये. चेसिसखाली घोड्या लावाव्यात. विटा रचू नयेत, त्या वजनाने फुटतात. मागची बाजू उचलली की मागच्या चाकांचा हँडब्रेक जमिनीला धरत नाही, तेव्हा दगड पुढच्या चाकांना हवेत.

शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर आणि शाफ्टच्या दोन्ही भागांवर रंगाने किंवा पंचने खुणा करतात. ही दोन मिनिटांची गोष्ट कंटाळ्याने टाळली जाते. पुढे गाडी थरथरायला लागली की मग सगळा शाफ्ट परत खोलावा लागतो. सरकत्या भागाचे दाते एक घर चुकले की दोन टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि नवा शाफ्टसुद्धा थरथरतो. आधी मागचे फ्लँज बोल्ट, मग सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट आणि शेवटी पुढचं टोक सोडायचं. पुढचं टोक गिअर बॉक्सच्या आत सरकणारं असेल तर ते काढताच ऑइल गळतं. खाली डबा ठेवावा आणि नंतर पातळी तपासून ऑइल भरावं.

तुटलेला पाइप गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेण्याचा मोह अनेकांना होतो. माल वेळेत पोचवायचा असतो, त्यामुळे तो समजण्यासारखा आहे. पण टॉपला शाफ्ट इंजिनाइतक्याच वेगाने, म्हणजे मिनिटाला २ हजारांच्या वर फेरे फिरतो. जोड किंचित वाकडा असला तरी थरथर आधी सेंटर बेअरिंग खाते, मग गिअर बॉक्सचं मागचं सील. पाइप बदलायचाच असेल तर लेथवर सरळ करून बॅलन्स करून देणाऱ्याकडेच न्यावा. पाइपला चिकटवलेल्या लोखंडाच्या लहान पट्ट्या बॅलन्ससाठी असतात, त्या ठोकून काढू नयेत.

जुन्या बाजारातला शाफ्ट घेताना तुटलेला सोबत न्यावा आणि लांबी, दात्यांची संख्या, फ्लँजच्या भोकांमधलं अंतर ही तिन्ही मापं जुळवावीत. क्रॉस मात्र नवेच घ्यावेत. बोल्ट १०.९ ग्रेडचे, नट नवे. साधे हार्डवेअरचे बोल्ट या ठिकाणी कापले जातात. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने कसावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पाना परत लावून पाहावा. क्रॉसला निपल असेल तर चारही वाट्यांमधून नवं ग्रीस दिसेपर्यंत गन मारावी. जाता जाता ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल बघावी, कारण तुटलेला शाफ्ट फिरताना त्यांना फटके मारून गेलेला असतो.

शाफ्ट अचानक क्वचितच तुटतो. रिव्हर्समधून पुढचा गिअर टाकताना ‘टक्’ असा आवाज येतो, हळू चालताना कोरडी चिवचिव ऐकू येते, ठरावीक वेगाला सीट थरथरते. क्रॉस गेल्याच्या या खुणा महिनाभर आधीपासून मिळत असतात. पहिल्या गिअरला शाफ्टवर इंजिनाच्या तिप्पट-चौपट पीळ येतो. त्यातच भरलेली गाडी चिखलातून झटका देत काढली की दुखरा क्रॉस जातो. जास्त माल भरता यावा म्हणून पाटे वाढवले की मागची बाजू उंच होते, रिकाम्या गाडीत शाफ्टचा कोन बिघडतो आणि क्रॉस लवकर झिजतो. ओव्हरलोडचा दंड तर वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २ हजार रुपये असा आहे. तेवढ्या पैशात क्रॉस कितीतरी वेळा बदलून होतात.