नवा कॉम्प्युटर घेतलाय? आधी फाइली हलवा, मग नको ती सॉफ्टवेअर काढा

शिरूर/दौंड : विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना कॉम्प्युटर बदलणार असाल, तर एवढं करा.

१) डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे फोल्डर पेनड्राइव्हवर 'कॉपी' करा, 'कट' नको.

२) ग्रामपंचायतीचे ठराव, सोसायटीची पत्रं पुण्यातच तयार झालेल्या श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये टाइप केली असतील, तर ते फॉन्टही नव्या मशीनवर हवेत. नाहीतर मराठीऐवजी भलतीच अक्षरं दिसतात.

३) सेटिंग्जमधल्या 'ॲप्स'मधून ट्रायल अँटीव्हायरस, नको ते गेम 'अनइन्स्टॉल' करा. विंडोजचा डिफेंडर आहेच. कुणी फोनवरून एनीडेस्क टाकायला लावलं असेल, तर तेही काढा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा.

सातबारा, फोटो नव्यावर उघडून बघितल्याशिवाय जुना कॉम्प्युटर विकू नका.